गुलछडीचे बारके कंद

तळेगाव ढमढेरे
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

तुम्हाला नमस्कार, सूनबाई ज्ञानेश्वरीला आशीर्वाद. इकडं आम्ही दोघं खुशाल आहोत. ह्यांचा गुडघा अधूनमधून धरतो, पण शेतावर जाऊन येतात. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले.

वैशाखात तुम्ही आमच्या विश्वजीतबरोबर गुलछडीचे कंद पाठवले होते. मी नळापाशी वाफा करून लावले. शेणखत घातलं, पाणी बेतानं दिलं. पात चांगली वाढली, पण नवरात्र आलं तरी एक दांडा वर आला नाही. आणि तिकडं लेकानं तुमच्या वाफ्याचा फोटो स्टेटसला ठेवला. दांडे त्याच्या छातीला लागत होते. खाली लिहिलं होतं, 'आमची बाग'.

मला ते सहन झालं नाही. तुम्ही मुद्दाम खराब कंद दिले, असंच मनात आलं.

डेअरीवर माझी चुलत जाऊ धुरपदा म्हणाली, "तुमची बाग लई फुललीया गं. पोरानं फोटू टाकलाय. अष्टमीला देवीला दांडं दे की."

"व्हय, देते," माझ्या तोंडून निघून गेलं. मग बाजारातून दांडे आणले आणि घरचे म्हणून तिला दिले.

अष्टमीला सकाळी तुमच्याकडच्या गुलछडीचा भारा घेऊन विश्वजीत दारात उभा. धुरपदा ओसरीवरच बसलेली. म्हणाली, "आता आन् कशाला रं? तुझ्या आईनं कालच दिली की घरची."

त्यानं वाफ्याकडं पाहिलं. नुसती पात. ती जाईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्यानं मला सांभाळून घेतलं, याचाच मला जास्त राग आला.

"तुझ्या सासूनं बारकं बघून दिलं," मी म्हटलं. "मोठं सोताला ठेवलं."

"न्हाई आई. त्यांनी मोठंच काढलं होतं. मीच म्हणलो, तुमचा वाफा मोडंल, बारकं द्या. बारक्याला एक साल पोसावं लागतं, मग फुलतं. म्हणलं, आई थांबंल."

म्हणजे तुमच्यावर रागवायलाही जागा उरली नाही. तुमचा वाफा मोडू नये, आणि मी थांबेन, हे माझ्या लेकानंच ठरवलं.

तेवढ्यात तुमचा फोन आला. "हां आई, पोचलो," तो म्हणाला. मी शेजारीच उभी होते. सासूला आई म्हणतातच, मीही म्हणायची. पण तेव्हा माझ्या आईला ते ऐकून कसं वाटत असेल, हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चहा पिताना त्यानं तुमच्या अंगणालगतच्या जागेचं काढलं. तिथं दोन खोल्या बांधून कायमचं राहतो म्हणाला. कंपनीची बस तुमच्या केडगावातूनच जाते, ज्ञानेश्वरीशिवाय तुम्हाला कोणी नाही. सगळं खरं. मी उठून भांडी घासायला बसले. तो संध्याकाळपर्यंत थांबला आणि तसाच गेला. तेव्हापासून मी त्याचा फोन घेतलेला नाही. विहीणबाईंना काय झालं, असं तुम्ही ह्यांना विचारलंत म्हणे. तर हे झालंय.

काल एक कंद उपटून पाहिला. लावताना चिंचोक्याएवढा होता. आता चांगला लसणाच्या गड्ड्याएवढा भरलाय, अंगाला पिल्लं फुटलीत. वर नुसती पात दिसत होती, ती सगळा वेळ खाली कंदाला पोसत होती. तो परत लावला, जगेल का माहीत नाही.

खोल्या बांधू द्या त्याला. मला आनंद झालाय असं लिहिणार नाही, तुम्हालाही ते खरं वाटणार नाही. सकाळी तो तुमच्या अंगणात दात घासत उभा असेल आणि तुम्ही त्याला चहाला हाक माराल, हे सारखं डोळ्यांपुढं येतं. ते थांबेल असं वाटत नाही.

मुहूर्त ठरला की कळवा, आम्ही दोघं येऊ. नारळ तुम्ही फोडा. पहिली कुदळ मात्र मी मारणार. तेवढा मान माझ्याकडून मागू नका.

तुमची विहीण,
विश्वजीतची आई
सुलक्षणा