शुक्रवारपर्यंत साचा उघडू नये

मी, व्यंकट मलप्पा पांचाळ, वय ६१, धंदा लेथवर पेन करणे, राहणार लोहा, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाशिवाय, अक्कलहुशारीने लिहीत आहे. अक्कलहुशारीबद्दल पत्नी साखराबाईचे मत वेगळे आहे. उद्या नांदेडला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. जीव थाऱ्यावर नाही. एवढे लिहिताना तीनदा उठलो.

१. घर आणि बँकेतली ठेव साखराबाईला. तिने विचारल्याशिवाय कोणी सल्ला देऊ नये.

२. कपाटातले सगळे पेन मुलगी महामायाला. मेव्हणा मल्लेश याला एकही नाही. माझ्या पेनाने त्याला कान कोरताना मी पाहिले आहे.

३. हे लिहायला सात वर्षे लागली. माझा जोडीदार अजीज रेझिन कालवायचा, त्यात रंगाचे थेंब सोडून काडीने एकच फेरा द्यायचा, की लहर उठायची. घट्ट झालेली कांडी मी लेथवर धरून पेन करायचो. त्याच्या मुलीच्या, हुमाच्या, निकाहनाम्यावर सह्या करायला त्याने साच्यात हिरवी-सोनेरी कांडी ओतली. तीन दिवस हात लावू नको म्हणाला. मी दुसऱ्याच दिवशी साचा उघडला. कांडी आतून मऊ होती, लेथवर फाटली. सह्या बाजारातल्या बॉलपेनने झाल्या, आणि मी चार लोकांत सांगितले की अजीजने रेझिन घट्ट करणारा हार्डनर कमी घातला. हार्डनर बरोबर होता. चूक माझी होती. तेव्हापासून तो माझ्या दारात आलेला नाही, आणि मला त्याच्यावाचून करमत नाही.

४. माझी लेथ, पटाश्यांसह, अजीजला.

५. आज सकाळी तसलीच हिरवी-सोनेरी कांडी मी ओतली आहे, हुमासाठी. शुक्रवारपर्यंत साचा उघडू नये. मी स्वतः दोनदा बोट लावून आलो. साखराबाई म्हणाली, "किती वळवळ करून राहिले? बसा की एका जागी." कांडीवर बोटाचा ठसा निघाला तर तो माझा समजावा.

साक्षीदार दोन लागतात. शेजारीण पार्वतम्मा आली आहे. दुसऱ्यासाठी अजीजला निरोप धाडला आहे. तो येईलसे वाटत नाही.

पुरवणी, दुपारी चार वाजता. अजीज आला. उभ्यानेच कलम ३ दोनदा वाचले. मी म्हणालो, वकीलबाई सांगतात, ज्याला मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. लेथ घे, नाहीतर सही कर.

तो म्हणाला, "मशीन राहू दे तुझ्यापाशी. बरा होऊन ये, लई काम पडलंय. साचा मी नेतो. हितं ठेवला तर तू आजच उघडशील."

सबब कलम ४ रद्द. लेथ तूर्त माझ्याकडेच.

ठिकाण : लोहा
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

लिहून ठेवणार : व्यंकट मलप्पा पांचाळ
साक्षीदार १ : पार्वतम्मा, शेजारीण
साक्षीदार २ : शेख अजीज शेख उस्मान, जोडीदार (साचा सोबत नेला)