गुडघ्याला काहीही झालेलं नाही

ईलिंग, रविवार

प्रिय कमलाकर यास पुरुषोत्तमचा कडकडून नमस्कार. तुझी साखर, वहिनींचा खोकला आणि आपला सकाळचा कट्टा, सगळं कसं काय आहे? मी ठणठणीत. फक्त डोकं तापलंय.

आमची सूनबाई सुचेता इथे विलायतेतल्या हॉस्पिटलात गुडघेदुखीवर संशोधन करते. पेशंटांनी भरायची एक प्रश्नावली त्यांनी अरबीत आणलीय, आणि ती अरबी लोकांना नीट समजते का, ते तपासायचंय. मस्कतला उभी हयात घातली म्हणून दुभाष्या मी. (मानधन म्हणून मशीनचा चहा!) पहिलेच आले अबू यासीन, बगदादचे निवृत्त शिक्षक. लिफ्ट बंद, म्हणून अख्खा जिना माझ्या खांद्याला लोंबकळत, पायरीपायरीला देवाचा धावा करत चढले. प्रश्न आला : जिना चढताना किती दुखतं? 'अल्हमदुलिल्लाह' म्हणाले आणि खूण केली कुठे, तर 'अजिबात नाही'वर! म्हटलं, अहो, माझा खांदा अजून ठणकतोय! तर म्हणे, वडीलधाऱ्या माणसापुढे रडगाणं गायचं नसतं, देवाने पाय दिलेत हे काय कमी? गुडघे टेकता येतात? येतात की! (नमाज खुर्चीवर बसून.) टबात उतरता येतं? स्वतःच्याच मळात कोण लोळतं, असं त्यांनी उलट मलाच विचारलं. (हे मात्र मला पटलं.) शेवटी शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा धीर सुटला. रात्रीचं कण्हणं, लपवलेल्या गोळ्या, तिने सगळं बाहेर काढलं. म्हणजे अरबी उत्तम, पेशंट खोटारडा! अरे, दुखतं तर दुखतं म्हणा की! डॉक्टरपुढे कसली आलीय अब्रू? घरी येऊन मी सुचेताला हेच तावातावाने सुनावलं.

यावर या बाईने काय करावं? इंग्रजी प्रत माझ्यापुढे सरकवली. 'बाबा, आता तुम्ही भरा.' भरली. सगळीकडे 'अजिबात नाही'. तर म्हणते, मग हल्ली खाली सोफ्यावर का झोपता? टीव्हीसाठी! जिना आडवे होऊन का उतरता? माझी मर्जी! सासऱ्याची उलटतपासणी, काय दिवस आलेत! आता म्हणे, अबू यासीनच्या बायकोसारख्या तुमच्याही जवळच्या माणसाला विचारते. आमची ही असती तर तिने मला सांभाळून घेतलं असतं. आता उरलास तू.

तुझा,
पुरुषोत्तम

ता. क. : सुचेताचा तुला फोन येईल. दिवाळीत मी पर्वती एका दमात चढलो, असं छातीठोक सांग. आणि निर्गुडीचं तेल पाठव. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात.

ता. क. २ : चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलंय. पेनाचं टोपण उचलायला खाली बसलो आणि उठताच येईना. सुचेता येईपर्यंत स्वयंपाकघरात तसाच जमिनीवर होतो. तिला म्हटलं, टोपण शोधतोय. (टोपण हातातच होतं.) पर्वतीचं राहू दे. फोन आला की तिला खरं काय ते सांग. ऑपरेशनची भीती वाटते रे, तेही सांग. माझ्या तोंडून निघत नाही.