फाइलमधली पाच मिनिटं

तिरुवनंतपुरम,
१८ फेब्रुवारी

लाडक्या कुंजुमोल,

अनेक आशीर्वाद. टाके सुकले आणि परवा तू एकटी होडीतून चर्चला जाऊन आलीस, असं अम्मानं फोनवर सांगितलं. सांगताना रडत होती. ऑपरेशनला पंचेचाळीस दिवस झाले, एकही झटका नाही! गोळ्या मात्र चुकवू नकोस. आणि केस वाढेपर्यंत आरशाशी भांडू नकोस.

तू दोनदा विचारलंस, "चेची, माझ्या मेंदूचा तुकडा तुझ्याच प्रयोगशाळेत आला ना? काय दिसलं?" दोन्ही वेळा मी करिमीन माशाच्या कालवणावर घसरले. आज सांगते.

तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला कापायचा होता, त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख मत्तायी डॉक्टर म्हणाले होते, "शोशाम्मा, आज सुट्टी घे. हे काप दुसरं कुणी करेल."

"सर, लहानपणी तिच्या वेण्या मीच घातल्यात. हेही मीच करणार."

मेंदूतल्या काही पेशींचं कामच बाकीच्यांना "बास, आता गप्प" म्हणायचं. रंग दिला की त्या तपकिरी दिसतात. तुझ्या कापात जिथे त्यांची दाटी हवी, तिथे मोजक्याच उरल्या होत्या. आवरणारंच कुणी नाही, मग सगळ्यांचा एकच कल्लोळ. तू ओठ चाटत, फ्रॉकचं टोक चुरगाळत शून्यात बघायचीस, तेव्हा मी "नाटकं पुरे" म्हणून ओरडायचे. तेही झटकेच होते. चुकलं माझं.

पण लिहायचं आहे ते वेगळंच.

तू दीड वर्षाची होतीस, तापानं फणफणलेली. औषध आणायला जाताना अम्मा मला म्हणाली, "हिच्याजवळून हलू नकोस." तेवढ्यात कालव्यापलीकडून चर्चच्या सणाचा बँड वाजत निघाला आणि मी धावले. मिरवणूक संपेपर्यंत बघत उभी राहिले. परत आले तर तू आचके देत होतीस, ओठ निळे पडलेले. दवाखान्यात विचारलं, "किती वेळ चाललंय हे?" मी नऊ वर्षांची. म्हटलं, "पाच मिनिटं."

अर्धा तासही असेल, कुंजू. तुझ्या फाइलमध्ये सत्तावीस वर्षं पाच मिनिटंच आहेत.

काल मत्तायी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "लांबलेल्या झटक्यात या पेशी मरू शकतात. तुझ्या बहिणीच्या तशाच मेल्या, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. तशा मेल्या नाहीत, हेही नाही." तुझ्या फाइलमधली 'पाच मिनिटं' ही ओळ मी खोडायला लावली. आता तिथे 'किती वेळ, माहीत नाही' असं लिहिलंय.

अम्माला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला.

ईस्टरला घरी येणार होते. आता तू बोलावलंस, तरच येईन.

त्या दिवशी तुझ्यापाशी थांबायला हवी होती, ती तुझी
शोशाम्मा