न धुतलेली विळी

आई, ती विळी मी धुतली नव्हती. तू पाणी तापायला ठेवलं होतंस, मला थांब म्हणाली होतीस, आणि मी थांबले नाही. तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते, दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. ओट्यावर बटाट्याच्या बेण्याचे दोन ढीग होते, एक आपला, एक शेजारच्या काकूंचा. गल्लीतलं निम्मं बेणं तूच कापायचीस. प्रत्येक फोडीला दोन डोळे, आणि एका घरचं संपलं की दुसऱ्या ढिगाला हात लावण्याआधी विळीच्या पात्यावर उकळतं पाणी. का, ते तू कधी सांगितलं नाहीस; तुझी आई करायची म्हणून तू करायचीस. सकाळी ढीग ओतून काकू शेतावर निघाल्या, जाताना म्हणाल्या, "तूच काप गं. पोरीच्या हातात देऊ नको, ती आधी परीक्षा घेईल बटाट्याची." तू हसलीस. दुपारी तुझी पाठ धरली, म्हणून विळीवर मी बसले.

आपला ढीग संपत आला तेव्हा एका बटाट्यात सालीच्या आतून तपकिरी कडं दिसलं. दाबल्यावर त्यातून पांढरट थेंब आला. बांगडी रोग. प्रॅक्टिकलच्या वहीत मी त्याची आकृती काढली होती, खाली जिवाणूचं नाव लिहून. मी तो बटाटा कचऱ्याच्या टोपलीत टाकला. आतून तू म्हणालीस, "थांब गं, पाणी तापू दे. लय घाई हाय का?" घाई होती, कॉलेजला परतायची नाशिकची एसटी चुकली असती. मी पातं ओढणीला पुसलं आणि काकूंचा ढीग पुढे ओढला. तू पाण्याचं पातेलं घेऊन आलीस तेव्हा तो निम्मा झाला होता. तू काही विचारायच्या आत मी म्हणाले, नळावर धुतली. नळाखालची फरशी कोरडी होती. तू त्याच फरशीवर ते गरम पाणी ओतून टाकलंस.

दीड महिन्याने तुझा फोन. झाडं हिरवीगार आहेत, तरी दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. काकूंच्या वावरातही तसंच. मला त्याच क्षणी कळलं. मी म्हणाले, पाणी कमी पडत असेल. तू पाणी वाढवलंस, आणि पाण्याबरोबर रोग उरलेल्या वाफ्यांतही गेला. काढणीला दोन्ही वावरांत सडके बटाटे निघाले. काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, बेणं तूच कापलं होतं ना? तू हो म्हणालीस. हे मला बाबांनी सांगितलं. तू माझं नाव घेतलं नाहीस, मीही घेतलं नाही. पुढच्या दिवाळीला तू विळीला धार लावून ओट्यावर बसलीस. एकही ढीग आला नाही. "आता सगळ्यांना जमतंय की," म्हणालीस आणि विळी आत ठेवलीस.

आता मी नाशिक रोडला राहते, बेण्याचे नमुने तपासते. गावोगाव जाऊन दाखवते: सुकणाऱ्या झाडाचं खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरायचं, रोग असेल तर काही मिनिटांत दुधासारखी रेघ खाली उतरते. सुरी निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या बेण्याला लावू नका, असं सांगते. माझा आवाज स्थिर असतो. गेल्या आठवड्यात आपल्याच गावात कार्यक्रम होता. काकू पुढे बसल्या होत्या. ग्लासातली रेघ त्या बराच वेळ बघत राहिल्या. नंतर माझ्याजवळ आल्या आणि माझा हात धरला.

"म्हंजी त्या वर्षी तुझ्या आईनं विळी धुतली नसंल," त्या म्हणाल्या. "मी उगाच तिच्या हाताला नावं ठेवली गं. हात चांगला व्हता तिचा. विसरली असंल बिचारी."

मी म्हणाले, "असेल."

काकूंचा नंबर माझ्याकडे आहे. त्यांनी स्वतःच दिला, टोमॅटोची रोपं दाखवायची आहेत म्हणून. फोन एका मिनिटाचं काम आहे. तरी मी तुलाच लिहीत बसले आहे, कारण काकू विचारतील. तू तेव्हाही काही विचारलं नव्हतंस.