शिकारी पक्ष्यांची आवक-जावक

१ ऑक्टोबर
निवृत्त होऊन दोन महिने झाले. आजपासून आयुष्याला वळण. पक्षीमित्र मंडळाने यंदाच्या मोजणीचं केंद्र क्रमांक दोन आमच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवलं आहे. मोजणारा मी. या महिन्यात शिकारी पक्षी उत्तरेकडून येतात आणि गावावरून दक्षिणेला जातात. पाण्याची टाकी ते बेकरीचं धुराडं अशी एक काल्पनिक रेषा, ती ओलांडणारा पक्षी मोजायचा. मंडळाच्या अध्यक्ष, जनावरांच्या डॉक्टरीणबाई, पुढेही बरंच काही सांगत होत्या. ऐकलं नाही. आवक-जावक विभागात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला नोंद कशी करायची ते शिकवू नये.
याच महिन्यात केंद्राचा कायमचा प्रमुख नेमणार आहेत. हे पद मला हवंच. चौतीस वर्षांत कशाचाही प्रमुख झालो नाही, फार तर प्रभारी. घरी तर तेही नाही.
संकल्प: रोज पहाटे साडेपाचला गच्चीवर.

३ ऑक्टोबर, सकाळी ९.४०
आत्ता उठलो. वाचनात आलं की हवा तापल्याशिवाय हे पक्षी वर चढतच नाहीत. म्हणजे साडेपाचचा संकल्पच अशास्त्रीय होता. पाळला नाही ते बरं झालं.
मोजणी: ०.

७ ऑक्टोबर
४६! केंद्र एक टेकडीवर आहे. तिथे दंतवैद्य बसतो. त्याचे ९. म्हणे ढग होते. नाचता येईना, अंगण वाकडं. जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून बघणाऱ्याला वर बघायची सवय कुठून असणार?

९ ऑक्टोबर
११८. ही कपडे वाळत घालायला वर आली होती. म्हणाली, अहो, या तर इथल्याच घारी, मागच्या मटणवाल्याकडे जातात नि परत येतात. एकीच्या शेपटीतलं पीस तुटलंय, ती सकाळपासून चारदा जाऊन आली. मी शांतपणे समजावलं की शास्त्रात ओळखीपाळखीला जागा नसते. ही हसली. तोंडात कपड्यांचे चिमटे धरून हसणं सोपं नाही, तरी हसली.

१३ ऑक्टोबर, सोमवार
साप्ताहिक सुट्टी. मीच मंजूर केली. सहज गच्चीवर डोकावलो तर आभाळात चिटपाखरू नाही. मटणवालाही बंद. म्हणजे पक्षीसुद्धा सोमवारी सुट्टी घेतात. हा शोध मंडळाला कळवायला हवा.

१६ ऑक्टोबर
२३१!! पद्धत साधी आहे. पक्षी रेषेपलीकडे गेला की जावक, अलीकडे आला की आवक, शेवटी दोन्हींची बेरीज. ऑफिसात कागदाचंही तसंच होतं, आणि एकाही कागदाने कधी तक्रार केली नाही.
संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना फोनवर आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा परत विचारला. तोंडात बोट घातलं असणार. स्वतः बघायला येते म्हणाल्या. सोमवारी.

१८ ऑक्टोबर
नेमणूक झाल्यावर करायचं भाषण लिहिलं. चार पानं. तिसऱ्या पानावर मलाच गहिवरून आलं. हिला वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाली, सोमवारी मटणाचं दुकान बंद असतं, लक्षात आहे ना? मी म्हटलं, पाहुणे जेवायला थांबणार नाहीयेत, चहा-बिस्किटं पुरेत. कपाळाला हात लावून आत गेली.

२० ऑक्टोबर, सोमवार, दुपारी २
थोडक्यात लिहितो.
डॉक्टरीणबाई आणि दंतवैद्य दहाला आले. अकरापर्यंत ०. दंतवैद्याच्या पांढऱ्या शर्टाला पक्षी बुजले असतील, असं मी म्हणालो. त्याने निमूटपणे वरून माझं जाकीट चढवलं. तरी ०. तेवढ्यात कपड्यांच्या दोरीपलीकडून हिने हाक मारली की बघा, उत्तरेकडून येतायत, खूप उंच, गिरक्या घेत. मला काही दिसेना. त्या तिघांना दिसलं. रेषा ओलांडून पार गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या एकतीस. दंतवैद्य म्हणाला एकतीस. ही म्हणाली एकतीस, त्यात दोन ससाणे. आपण मागे राहायला नको म्हणून मी बासष्ट म्हणालो.
बाईंनी विचारलं, बासष्ट कसे? मी सांगितलं: एकतीस आले, एकतीस गेले.
दंतवैद्याने आ वासला होता. त्याचे दात उत्तम आहेत.
बाईंनी माझं रजिस्टर चाळलं आणि अक्षर सुंदर आहे म्हणाल्या. मग तासभर हिच्याशीच बोलत बसल्या. ही वीस वर्षं कपडे वाळत घालताना आभाळ बघते, कुठली घार इथली आणि कुठला पक्षी वाटसरू हे तिला पाठ आहे, हे मला आज कळलं. तेही परक्या बाईने विचारलं म्हणून. मी कधी विचारलंच नव्हतं. वाईट वाटलं.
भाषण कपाटात ठेवलं. फाडलेलं नाही.

२२ ऑक्टोबर
मंडळाचा फोन. उचलला मी, हवी होती ही. केंद्र क्रमांक दोनची प्रमुख: ही. कायमची. कानामागून आली नि तिखट झाली. माझ्या सगळ्या नोंदी रद्द. माझ्या अनुभवाचा मान राखून मला मदतनीस नेमलंय. तिने आकडा सांगायचा, मी सुंदर अक्षरात लिहायचा.

२४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
आजची मोजणी १९. पेन आपोआप अडतीसकडे चाललं होतं, पण ही खांद्यावरून बघत होती. एकोणीसच लिहिले.
ऊन लागून डोकं दुखतंय. उद्या मोजणीला येणार नाही, असं हिला सांगितलं. म्हणाली, लेखी अर्ज द्या. दिला. दोन प्रतींत. कपड्यांच्या घड्या झाल्या की बघते म्हणाली.
घड्या मी घालतोय.