झुलालआबांचं मशीन

४ मार्च, मंगळवार
आजपासून कामात शंभर टक्के शिस्त. धुळ्याच्या झुलालआबांचं हाय-व्होल्टेज मशीन कॅलिब्रेट करून परत पाठवलं. वायरमनचे रबरी हातमोजे ते याच मशीनवर तपासतात. ‘करून’ म्हणजे सर्टिफिकेट केलं. खोका उघडला नाही. साडूच्या मुलीची हळद होती. गेल्या वर्षीचे आकडे उतरवले, एक-दोन जरा हलवले, खरे वाटावेत म्हणून. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, मोजायचं काय त्यात!

५ मार्च
गेल्या वर्षीचं रजिस्टर सहज चाळलं. सहजच. तेव्हा काटा अकरा हजार व्होल्ट दाखवायचा आणि प्रत्यक्षात निघायचे आठ. मी नीट करून दिलं होतं. पुन्हा बिघडलं असेल तर भोकं पडलेले मोजेही पास होतील. पण बिघडेल कशाला? उद्या आबांना फोन.

६ मार्च
गुरुवार. उपास. उपाशीपोटी असले फोन करू नयेत.

८ मार्च, शनिवार
पारोळ्याजवळ खांबावर एक वायरमन दिसला. त्याने हात वर केला. गाडी थांबवली. तो घाम पुसत होता. मोजे जुने की नवे, खालून कळेना. ज्योती म्हणाली, अहो, तुम्ही झोपेत ‘लाइन बंद करा’ ओरडता. म्हटलं, पित्त. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. लॅबमधल्या बंद मीटरचा काटा हलतोसा वाटतो, त्यावर फडकं टाकलंय. धुळीसाठी.

१० मार्च
पेपरात बातमी. धुळ्याकडचा वायरमन शॉक लागून गेला. वय एकोणतीस. नाव वाचायचं नाही असं ठरवलं.
दुपारी वाचलं. कौतिक.
फार भीती वाटते.

१२ मार्च, बुधवार
धुळ्याला गेलो. सगळं कबूल करणार होतो. तोंडातून निघालं, आबा, मशीन द्या, फ्री सर्व्हिसिंग करतो. आबा हसले. म्हणाले, भाऊ, खोकावर मनी बांधेल गाठ तशीच व्हती, माले तवयच समजनं. त्यांनी बांधलेली गाठ मी सोडलीच नव्हती. मशीन वापरलंच नाही म्हणे, नाशिकला पाठवून तपासून आणलं. दर वर्षी आणतात. कौतिकचे मोजे त्यांच्याकडे कधी आलेच नव्हते.
मग माझ्याकडे पाठवता कशाला, विचारलं. म्हणाले, ऑडिटले कागद लागस ना भाऊ. बठ्ठासले ठाऊक शे. सगळ्यांना ठाऊक!
म्हणजे माझ्यामुळे कुणी मेलं नाही. आनंद व्हायला हवा.
गेल्या वर्षी मी खरंच उघडून तपासलं होतं, हे आबांना दोनदा सांगितलं. ते ‘हो, हो’ म्हणाले आणि चहा मागवला.