आठ प्रौढ नर

हिदार महिना, ३
या डोंगरावर न्याला हरणाचे प्रौढ नर किती, हे मी कॅमेऱ्यांनी मोजणार. चार नरांमागे शिकारीचा एक परवाना. आकडा अचूक हवा. माझा असेलच. अंदाज आणि भावना वर्ज्य.

हिदार ९
कॅमेरे पायवाटेच्या एकाच बाजूला बांधले. नीटनेटकं दिसतं. वनरक्षक अलियीकाकांना विचारलं, नर किती. म्हणाले, जितराब मोजू नये, ललिसे, दृष्ट लागते. मग एकेका नराचं नावच सांगायला लागले. थांबवलं. नावं म्हणजे माहिती नव्हे. राग आला नाही. कॉफीचा कप जरा जोरात ठेवला, एवढंच.

हिदार २१
कुशीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून प्रत्येक नर वेगळा ओळखता येतो. आठ मिळाले; एक ते आठ क्रमांक दिले. काका फोटो बघून म्हणाले, हा म्हातारा खाली जाताना, आणि हा म्हाताराच वर येताना. पट्टे जुळत नाहीत, हे तीनदा दाखवलं. तर म्हणे, तुझ्या दोन्ही गालांवरचे तीळ सारखे आहेत का गं?
विषयांतर.

हिदार २५
अहवाल गेला. दोन परवाने मंजूर. साहेब फोनवर शाब्बास म्हणाले. मला अशा गोष्टींचं काही वाटत नाही. चारदा म्हणाले.

पुढचा महिना, ताहसास २
पहिल्या शिकाऱ्याने क्रमांक तीन टिपला. काका हरणाजवळ गेले. म्हातारा गेला, म्हणाले. मी धीर दिला: अजून सात आहेत.

ताहसास ३
कातडं मीठ लावून पसरलंय. डावी कूस क्रमांक तीन. उजवी कूस क्रमांक सहा.
सगळे फोटो पुन्हा पाहिले. चार नर फक्त उतरतात, चार फक्त चढतात. वर्तन विलक्षण आहे. शोधनिबंध होऊ शकेल.

ताहसास ४
शोधनिबंध होणार नाही. नर चारच होते. साहेबांना फोन उद्या करते; घाईत बोलणं शिस्तीत बसत नाही.

ताहसास ५
दुसरा शिकारी तळावर पोचला. फोन केला. साहेब म्हणाले, अगं, आकडा मंजूर झालाय, पुढच्या मोजणीत दुरुस्त कर की! हरणं काय पळून चाललीत? मी बरं म्हटलं. नियमात बसतं.

ताहसास ६
सकाळी दरीत एक गोळी. काका तिकडे गेले.
अहवालाप्रमाणे सहा शिल्लक. डोंगरावर दोन.